संधिवात आणि क्ष-किरण

संधिवातानें जखडलेल्या मनुष्यास उपाय सांगणारांचा तोटा नसतो. निर्गुडीचा शेक, एरंडेल, सुंठीचा काढा, या साऱ्या पायऱ्या आमच्या गुडघ्यांनीं चढून झाल्या. जिन्याच्या पायऱ्या मात्र ते चढूं देत नाहींत. अशांत जर्मनींत राहणाऱ्या आमच्या भाचीनें लिहिलें, "मामा, इकडे ह्याच दुखण्यावर किरणांचा उपचार सर्रास करितात, तुम्हीं कां करूं नये?"

घरच्या मंडळींनीं कपाळास आठ्या घातल्या. कर्करोगाचे किरण गुडघ्याला कशाला? शंका रास्त, पण मात्रेंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. कर्करोगाच्या गाठीस पुष्कळदां ६० ते ७० ग्रे किरण देतात. येथें एका वेळीं अर्धा ते एक ग्रे, आठवड्यांतून दोनतीनदां, एकूण ३ ते ६ ग्रे. पेशी मारावयाच्या नसून दाह शमवावयाचा असतो. अल्प मात्रेनें रक्तांतील श्वेत पेशी वाहिन्यांच्या भिंतींस कमी चिकटतात, असें प्रयोगशाळांत दिसून आलें आहे. झिजलेली कूर्चा मात्र पुन्हां उगवत नाहीं.

उपाय नवा नाहीं. राँटगेननें १८९५ सालीं व्युर्त्सबुर्ग येथें क्ष-किरण शोधल्यावर थोड्याच वर्षांत ते दुखऱ्या सांध्यांवर योजिले गेले. त्याची दुसरी बाजू पुढें दिसली. पाठीच्या कण्याच्या संधिवातासाठीं किरण घेतलेल्या १३,००० हून अधिक रोग्यांचा हिशेब ब्रिटनमधील कोर्ट-ब्राऊन व डॉल यांनीं १९५७ सालीं मांडला, तेव्हां त्यांच्यांत रक्ताचा कर्करोग अपेक्षेहून पुष्कळ अधिक आढळला. त्या मात्रा मोठ्या होत्या, आणि मणक्यांतील मज्जेवर पडत होत्या, हें खरें; तरी हा आंकडा वाचून आम्हीं पुस्तक कांहीं वेळ मिटून ठेविलें.

बरें, गुण तरी येतो काय? जर्मन डॉक्टर अनुभवावरून होय म्हणतात. नेदरलंड्समध्यें हात व गुडघे यांवर दोन चांचण्या झाल्या. कांहीं रोग्यांस किरण दिले, कांहींस नुसतेंच यंत्राखालीं बसविलें. २०१९ च्या सुमारास निष्कर्ष आले, त्यांत दोहोंमध्यें म्हणण्यासारखा फरक नव्हता. उलट २०२५ सालीं कोरियांतून बातमी आली कीं सौम्य व मध्यम झिजेच्या गुडघ्यांस ३ ग्रेनें चार महिन्यांत आराम पडला.

किरणांचा अपाय प्रकट व्हावयास वर्षें लागतात, म्हणून तरुणांस हा उपाय सहसा देत नाहींत. आमचें वय ७२. ती भीति आम्हांस थोडी. वेदनाशामक गोळ्या मात्र आमच्या मूत्रपिंडांस मानवेनाशा झाल्या आहेत, आणि ही अडचण आजची आहे. सोमवारीं डॉक्टरांस एवढेंच विचारावयाचें आहे, कीं आमच्या गुडघ्यांची झीज अद्याप मध्यम म्हणण्याजोगी आहे, कीं तिच्या पुढें गेली?