एक पगार, दोन राज्यं आणि नाशिकची एफडी



फेब्रुवारी-मार्च आला की ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्या घरांत व्हिडिओ कॉलवर एकच विषय असतो, टॅक्स. माझी लेक न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि ट्रेनने न्यू यॉर्कच्या ऑफिसला जाते. पगार एक, पण हिशेब मागणारी सरकारं तीन: एक केंद्राचं आणि दोन राज्यांची.

आपल्याला याचं नवल वाटतं, कारण आपल्याकडे पगारावरचा आयकर केंद्राचाच. मुलगा सहा महिने नाशिकला आणि सहा महिने बंगळुरूला नोकरीत असला, तरी पॅन एक, रिटर्न एक. राज्य घेतं तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात चांगल्या पगारावर तो महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाला २,५०० च्या वर तो नेता येत नाही. ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातच आहे.

तिकडे बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर आहे. टेक्सास, फ्लोरिडासारखी काही राज्यं तो घेतच नाहीत. ढोबळ नियम असा: जिथे काम केलं ते राज्य त्या कमाईवर कर घेतं आणि जिथे घर आहे ते राज्य सगळ्या उत्पन्नाचा हिशेब मागतं. मग एकाच पगारावर दोनदा कर? तसं होऊ नये म्हणून घरचं राज्य वजावट देतं. समजा, त्या पगारावर न्यू यॉर्कचा कर ६,००० डॉलर झाला आणि न्यू जर्सीचा ४,५०० झाला असता. न्यू जर्सी ४,५०० माफ करेल, वरचे १,५०० परत देणार नाही. म्हणून आधी न्यू यॉर्कचं अनिवासी रिटर्न तयार करायचं आणि त्यातला आकडा घेऊन न्यू जर्सीचं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी मात्र न्यू जर्सीचा करार आहे. तिथे नोकरी असेल, तर पगारावरचा राज्याचा कर फक्त घरच्या राज्यात.

आता खरी गोष्ट. लेकीच्या लग्नात यांनी तिच्या नावावर एफडी केली होती. आता ती एनआरओ खात्यात आहे. त्याचं व्याज अमेरिकेत दाखवावं लागतं, केंद्रालाही आणि न्यू जर्सीलाही. इथे कापलेल्या टीडीएसची सवलत केंद्राच्या रिटर्नमध्ये नियमाच्या मर्यादेत मिळते, पण न्यू जर्सी परदेशात भरलेला कर धरत नाही. म्हणजे त्या व्याजावर राज्याचा कर खिशातूनच जातो. घरात एकजण म्हणालेच, "नाशिकचं व्याज तिकडे कोणाला कळतंय?" लेक गप्प बसली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी म्हटलं, कळतंय की नाही हा प्रश्नच नाही. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' आहे. राज्याच्या नियमाविरुद्ध जाऊन धन राखणं, हा त्याचा साधा अर्थ. आपण प्रतिक्रमणात त्याची आलोचना करतो. मग ते राज्य नाशिकवर चालणारं असो की एडिसनवर. शिवाय तिने घर तिथे केलंय. रस्ता, शाळा, पोलीस ती तिथलेच वापरते.

यात आपल्या बायकांचंही एक काम आहे. आपण सोयीसाठी आपल्या बँक खात्याला मुलीचं नाव जोडतो. अमेरिकेत राहणाऱ्याची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्यांची माहिती वेगळ्या फॉर्मवर द्यावी लागते. त्यात जोडखातंही आलं. कर लागतो असं नाही, पण सांगावं लागतं. तेव्हा खात्याला नाव लावलं असेल, तर मुलांना ते कळवा.

आणखी एक. आपल्या बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं असतं, त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. म्हणून प्रमाणपत्र पाठवून भागत नाही. मी पासबुक घेऊन जानेवारीपासूनच्या व्याजाच्या नोंदी एका कागदावर उतरवते, बेरीज करते आणि फोटो पाठवते. १५ एप्रिलच्या आत तिला ते लागतं. मी फेब्रुवारीतच मोकळी होते.