स्टॅलिनग्राड पाठ, आणि आपलं गाव?

तुमच्या ऑफिसमध्येही असा एकजण नक्की असेल. एरवी शांत, पण दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की गडी सुटलाच! रोमेल, पॅटन, नॉर्मंडीचा किनारा... सगळं तोंडपाठ. आमच्या ऑफिसातला तो एकजण म्हणजे मी. कॉलेजात असताना वि. स. वाळिंब्यांच्या ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ने लागण झाली, अँटनी बीव्हरच्या ‘स्टॅलिनग्राड’ने ती पक्की केली. पगार झाला की औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत एक चक्कर ठरलेली.

परवा कँटीनमध्ये नव्या आलेल्या मुलीने सहज विचारलं, ‘‘सर, आपल्या गावात कधी झालं का हो युद्ध? मोगलांचं नाही, अलीकडचं.’’

झालं ना! पण सांगायला गेलो तर दोन वाक्यांत माझं भांडवल संपलं. मग काय, तो वीकएन्ड त्यातच गेला.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन पोलो’. मुख्य फौज सोलापूरकडून निघाली, मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखाली. आपल्या शहराची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची जबाबदारी मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्यावर होती. १४ तारखेला सहा तुकड्या शहरावर चालून आल्या आणि दुपारी मुलकी अधिकारी शरणागती घेऊन सामोरे आले. जालन्यात मात्र चांगलाच प्रतिकार झाला. १७ला निजामाने हात टेकले. रणगाडे आले, विमानं आली, तरी सरकारी नाव काय? ‘पोलीस ॲक्शन’!

याच्यावर वाचायचं काय? नकाशे, तुकड्या, तारखा हव्या असतील तर संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९७२मध्ये काढलेलं एस. एन. प्रसाद यांचं इंग्रजी पुस्तक. दिल्लीतल्या हालचालींसाठी व्ही. पी. मेनन. हरलेल्या बाजूचं ऐकायचं तर निजामाचे सेनापती एल इद्रूस यांच्या आठवणी. आणि मराठीत, आपल्याच शहरात ‘दैनिक मराठवाडा’ चालवणाऱ्या अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’. त्यात रझाकारांचा जाच भोगलेली, लढलेली आपली माणसं भेटतात. चौघांचा सप्टेंबर एकच, पण दिसतो वेगवेगळा. दुकानात मिळाली नाहीत तर ग्रंथालय गाठा.

एक गोष्ट मात्र लष्करी पुस्तकांत शोधून भागत नाही. कारवाईच्या काळात आणि नंतर मुसलमानांवर जे सूड उगवले गेले, ती गोष्ट. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला होता आणि जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपलाही होता. तो अहवाल कितीतरी वर्षं बंद कपाटात होता. रझाकारांचे अत्याचार खरे आणि हेही खरं. दोन्ही वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नये, असं मला तरी वाटतं.

तर, शनिवारी सकाळी बाईक काढा आणि आधी छावणीत जा. वेरूळला जाताना आपण हॉर्न वाजवत सुसाट जातो तीच ही छावणी. एकेकाळी इथे हैदराबाद काँटिन्जन्टचं ठाणं होतं. निजामाच्या खर्चाने, इंग्रजांच्या हुकमाखाली चालणारी फौज! तिथून सिद्धार्थ उद्यान. आत मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ आहे. दर १७ सप्टेंबरला इथे झेंडावंदन होतं, बाकी वर्षभर आपण तिथे वाघ बघायला जात आलोय.

रविवार मोकळा असेल तर नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, गाठा. अडीच-तीन तासांचा रस्ता. तिथल्या रणगाडा संग्रहालयात जुन्या रोल्स रॉईस चिलखती गाडीपासून पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनपर्यंत सगळं उघड्यावर मांडलंय. पॅटनसमोर उभं राहिल्यावर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आठवावेत. पूना हॉर्सचे हे कमांडर १६ सप्टेंबर १९६५ला सियालकोट आघाडीवर पडले, मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी झाले. त्यांची नोकरी सुरू कुठे झाली होती? निजामाच्या फौजेत! आणि १९६५ला लष्करप्रमुख कोण? १९४८ला त्या फौजेची शरणागती स्वीकारणारे तेच जे. एन. चौधरी.

घरी आलो तेव्हा रात्र झाली होती. आमची आजी सगळी वर्षं ‘रझाकारीत’ आणि ‘ॲक्शननंतर’ अशीच मोजायची. कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, सगळं त्या हिशेबात. ती शेजारच्या पलंगावर बसून हे बोलायची, तेव्हा मी ‘स्टॅलिनग्राड’ वाचत ‘‘हं, हं’’ करायचो. एकदाही पुस्तक बाजूला ठेवून ‘‘म्हणजे काय झालं होतं गं?’’ असं विचारलं नाही. आता ती नाही.

तुमच्या घरात कुणी नव्वदीचं असेल तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. पुस्तकं काय, ग्रंथालयात थांबतील.