डोळा पुढे आलाय आणि डॉक्टर एमआरआय सांगतात

काही वर्षांपूर्वी सात वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. उजवी पापणी सुजलेली, डोळा किंचित पुढे आणि खाली सरकलेला. "चेंडू लागलाय, डॉक्टर." मलाही ते पटलं. थेंब लिहून दिले, आठवड्याने बोलावलं. ती पाचव्याच दिवशी आली. डोळा आणखी पुढे आला होता. एमआरआयमध्ये खोबणीत, डोळ्याच्या वरच्या बाजूला, गाठ दिसली. बायोप्सीत ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंशी साधर्म्य असलेल्या पेशींचा कर्करोग निघाला. चेंडू खरोखर लागला होता, पण गाठ त्यामुळे झाली नव्हती.

घाबरू नका. मुलांच्या खोबणीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी, हळूहळू वाढणारी गोल गाठ बहुधा डर्मॉइड असते. तिला घाई नसते. दिवसागणिक पुढे येणारा डोळा मात्र मी आता थांबवून ठेवत नाही.

पालक विचारतात, सीटी काही मिनिटांत होतो, मग एमआरआयसाठी एवढ्याशा लेकराला भूल कशाला? प्रश्न रास्त आहे. एमआरआयला अर्धा-पाऊण तास लागतो, मशीनचा आवाज मोठा, आणि जरा हललं तरी चित्र बिघडतं. पण त्यात क्ष-किरण नसतात, आणि गाठ डोळ्याच्या नसेपर्यंत किंवा मेंदूकडे गेली आहे का, ते नीट दिसतं. बाहुलीत पांढरी चमक दिसत असेल, रेटिनोब्लास्टोमाची शंका असेल, तर आम्ही सीटी शक्यतो टाळतोच. त्यातल्या काही मुलांच्या शरीरातल्या पेशींमध्ये जन्मतःच आरबी१ या जनुकाचा दोष असतो. क्ष-किरणांमुळे त्यांना पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढू शकतो.

ताप आणि एकाएकी लाल सूज असेल, तर सायनसमधला पू खोबणीत उतरला का ते पाहायला सीटीच लवकर होतो. तिथे एमआरआयचा हट्ट धरू नका.

भुलेआधी दूध-पाणी कधी बंद करायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. ते आजी-आजोबांनाही सांगा. प्रेमाने दिलेल्या एका बिस्किटापायी तपासणी पुढे ढकलावी लागते.

आणि येताना मोबाइलमधले जुने फोटो आणा. त्या मुलाच्या आईने नंतर मला वाढदिवसाचा फोटो दाखवला, चेंडू लागण्याच्या दहा दिवस आधीचा. त्यातही उजवा डोळा थोडा खाली होता.