सिलिंडरच्या खांद्यावरची तारीख

स्कूबाचं जुनं सामान लातुरात विकायला आहे हे ऐकून मी आधी हसलो. ज्या शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, तिथे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र कोण विकणार आणि कोण घेणार? पण फोन करणारा हसत नव्हता. माझा माजी विद्यार्थी. नांदेडच्या उर्दू शाळेत आठवी ते दहावी माझ्याकडे मराठी शिकला आणि काठावर पास झाला. आता तिशी ओलांडलीय. दिवसा वेल्डिंगचं काम करतो. गोदावरीत किंवा आसपासच्या एखाद्या विहिरीत कुणी बुडालं की पोलीस पाटलाचा नाहीतर ठाण्यातून त्याला फोन येतो.

अशा माणसाला मराठीत पाणबुड्या म्हणतात, उर्दूत गोताखोर. पहिला शब्द जरा थट्टेचा वाटतो, दुसरा रुबाबदार. वर्तमानपत्रात मात्र दोन्ही नसतात. तिथे असतं, ‘स्थानिक नागरिकांच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात आला’. एनडीआरएफचं महाराष्ट्रातलं ठाणं पुण्याजवळ, एसडीआरएफच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. त्या पोहोचेपर्यंत इथल्या विहिरीच्या काठावर आईबाप बसून असतात, आणि या स्थानिक नागरिकाला कुणीतरी म्हणतं, बाबा, एकदा अजून बघ. तो श्वास कोंडून खाली जातो. हाताने चाचपत शोधतो, कारण आमच्या विहिरींत आणि पावसाळ्यातल्या गोदावरीत डोळे उघडे ठेवून उपयोग नसतो. बदल्यात कधी पेट्रोलचे पैसे मिळतात, कधी नुसता चहा.

‘सर, तुम्ही सोबत चला. सामानावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं आहे,’ तो म्हणाला.

लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत एसटीने आम्ही लातूर गाठलं. विकणाऱ्याचं घर गंजगोलाईपासून फार लांब नव्हतं. गृहस्थ पन्नाशीचे, ओमानमध्ये अकरा वर्षं एका डायव्हिंग सेंटरवर कामाला होते. स्वतः पाण्यात क्वचितच उतरले. सिलिंडर भरायचे, धुवायचे, पर्यटकांच्या पाठीवर चढवून द्यायचे, एवढंच काम. कोरोनात ते सेंटर बंद पडलं आणि थकलेल्या पगाराच्या जागी मालकाने त्यांना जुनं सामान दिलं. ते जहाजाच्या कार्गोतून कुणाच्या तरी सामानाबरोबर आलं आणि तेव्हापासून माळ्यावर होतं. म्हणजे आमच्यासमोर सतरंजीवर मांडलं होतं ते तसं पाहिलं तर सामान नव्हतंच, एका माणसाचा बुडालेला पगार होता. हे कळल्यावर घासाघीस करायला जीभ रेटत नाही. चाचांनी हे मुद्दाम आधी सांगितलं असेल का, असंही मनात आलं. आलं म्हणून लिहितो.

दोन ॲल्युमिनियमचे सिलिंडर, दोन रेग्युलेटर, हवा भरायची दोन जाकिटं, मास्क, पायातले फिन्स, शिशाच्या वजनांचा पट्टा. सगळं गोड्या पाण्यात धुतलेलं, रबरावर टाल्कम पावडर मारलेली. नीट ठेवणाऱ्याचा हात दिसत होता. किंमत सांगितली साठ हजार, दोन्ही सेटची मिळून. नवीन एकच सेट यापेक्षा महाग पडतो, हे खरं होतं.

जुना मोबाइल घेतला आणि बंद पडला तर पैसे जातात. जुनी मोटरसायकल घेताना आपण मेकॅनिकला सोबत नेतो. इथे सोबत न्यायला मेकॅनिक अख्ख्या मराठवाड्यात मला माहीत नव्हता. म्हणून जाण्याआधी आठ दिवस मीच वाचत बसलो. मराठीच्या मास्तरने हायस्कूलचं भौतिकशास्त्र पुन्हा उघडलं. घरात चेष्टा झाली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की पाठीवरच्या त्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो. आपण सगळे, वर्तमानपत्रंसुद्धा, ‘ऑक्सिजन सिलिंडर लावून’ असं बिनधास्त म्हणतो. त्यात असते साधी हवा, आपण आत्ता घेतोय तीच, फक्त गाळलेली, कोरडी आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन पाण्याखाली सहा-सात मीटरच्या पुढे विषासारखा वागतो, झटके येतात. हा शब्दाचा घोटाळा नुसता भाषेचा असता तर मी लाल पेनाने गोल करून सोडून दिला असता. पण माझा विद्यार्थी वेल्डर. त्याच्या रोजच्या दुकानात ऑक्सिजनचे सिलिंडर उभे असतात, आणि त्याचा बेत तिथूनच भरून घ्यायचा होता! दुसरा पर्याय त्याने शोधला होता पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा. त्या हवेत तेलाचा अंश येतो, ती फुप्फुसासाठी नसते. शिवाय टायरला लागतो तो दाब कुठे आणि स्कूबाचा दोनशे बार कुठे. श्वासासाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर वेगळा असतो आणि तो सापडतो मालवण-तारकर्लीला, गोव्याला, म्हणजे नांदेडपासून सहाशे किलोमीटरच्या पुढे. जुना सेट स्वस्तात मिळेल, पण एकदा रिकामा झाला की पुढे काय, हे विकणाऱ्याच्या फोटोत दिसत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. नेहमीचा सिलिंडर अकरा लिटरचा. दोनशे बारला भरला तर बावीसशे लिटर हवा. काम करणारा माणूस मिनिटाला सहज चाळीस लिटर ओढतो. दहा मीटर खाली, म्हणजे आपल्या विहिरीच्या भाषेत पाच-सहा परस, दाब दुप्पट होतो आणि हवासुद्धा दुप्पट लागते, ऐंशी लिटर. वर येण्यासाठी पाव भाग राखून ठेवला तर उरतात वीस मिनिटं. माझा विद्यार्थी समजत होता दोन तास.

सिलिंडरच्या खांद्यावर, गोलाई सुरू होते तिथे, आकडे ठोकलेले असतात. बनवल्याची तारीख आणि नंतर प्रत्येक दाब-चाचणीची. पाण्याने भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन धातू किती ताणला जातो ते पाहतात. सर्वसाधारणपणे दर पाच वर्षांनी ही चाचणी हवी. आपल्याकडे 2016 चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारी ‘पेसो’ ही संस्था आपल्याच नागपुरात बसते. चाचणीची मुदत संपलेला सिलिंडर भरायला बंदी आहे, आणि बाहेरून आणलेल्याला इथे भरण्याआधी पेसोची मान्यता लागते. मी मोबाइलचा टॉर्च लावून खांदा पाहिला. एकावर शेवटची चाचणी 2013 ची, दुसऱ्यावर 2016 ची.

चाचांना विचारायला मला दोन मिनिटं लागली. आपल्यात हे विचारणं म्हणजे समोरच्याच्या इमानावर शंका घेणं मानलं जातं. चहा आलेला, नानकटाई आलेली, ओळखीच्या ओळखीतून गेलेलो. तरी विचारलं. त्या आधी मला आठवला तो मदिनेच्या बाजारातला प्रसंग, जो आपण जुम्याच्या बयानात लहानपणापासून ऐकतो. पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तर आतून ओल लागली, आणि त्यांनी विक्रेत्याला विचारलं की भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. म्हणजे विश्वास ठेवावा हे खरं, पण हात घालून पाहणं हेही सुन्नतच आहे. फिकहमध्ये तर यासाठी वेगळा शब्द आहे, खियार-उल-ऐब. विक्रीआधीचा लपलेला दोष नंतर सापडला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क. मोठा समंजस कायदा आहे, पण या सामानाच्या बाबतीत तो अपुरा पडतो. दोष ज्या क्षणी सापडेल त्या क्षणी माल परत करायला घेणारा पाण्याबाहेर असायला हवा ना.

‘सर, तिथं असंच चालायचं,’ चाचा म्हणाले. मग थोडं थांबून, ‘मालक म्हणायचा, पुढच्या सीझनला करू.’

ते उठले आणि आतून पाना आणि एक लहान बॅटरी घेऊन आले. आधी व्हॉल्व्ह उघडून दाखवला, आवाजसुद्धा आला नाही, पूर्ण रिकामा. मग दाब नसल्याची खात्री करून तो फिरवून काढला आणि बॅटरी आत धरली. तळाशी आणि कडेला पांढरी भुकटी, चुन्यासारखे चट्टे. ओल आत शिरली की ॲल्युमिनियमला असं होतं. किंमत सांगताना त्यांनी दोन्ही सिलिंडर त्यात धरले होते; बॅटरी मात्र त्यांनीच आणली, मी मागितली नव्हती. माणसाबद्दल एकच एक मत बनवणं मला त्या दुपारी जमलं नाही, अजूनही जमत नाही.

माझा विद्यार्थी मात्र हटून बसला. ‘सर, मला कुठं समुद्रात जायचंय? विहिरीत पाच मिनिटं. तेवढं तर टिकेल.’

त्यावर चाचा जे बोलले ते मी वाचलेल्या कुठल्याही पानापेक्षा मोलाचं होतं. पहिलं असं, की खराब सिलिंडर बहुतेक वेळा पाण्यात फुटत नाही, भरताना फुटतो. ‘तू वाचशील रे. भरणारा जाईल. अकरा वर्षं मी भरणारा होतो.’ आणि दुसरं: ‘तू दम धरून जातोस ना? तीच तुझी आदत तुला मारेल.’

त्याला हे पटेना, म्हणून मी फळ्याशिवाय शिकवायला बसलो. दम कोंडून खाली गेलं तर वरून नेलेली हवा खाली आकसते आणि वर येताना पुन्हा पहिल्याएवढी होते, छाती सुरक्षित. पण खाली असताना सिलिंडरमधून श्वास घेतला तर ती हवा तिथल्या दाबाची असते. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तोंड बंद ठेवून वर आलं तर फुप्फुस फाटतं. दीड मीटरवरूनसुद्धा हे होऊ शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. आणि हा मुलगा वीस वर्षं फक्त श्वास रोखायला शिकलेला. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकला तेव्हापासून. घाबरला, पाय केबलमध्ये किंवा मोटरच्या पाइपमध्ये अडकला, की त्याचं शरीर आपोआप काय करणार? ज्याने आजवर त्याला वाचवलं, तेच.

तो बराच वेळ गप्प बसला. रेग्युलेटर तोंडाला लावून सोडून दिला.

रेग्युलेटर चांगले होते. पण त्यांनाही वर्षातून एकदा सर्व्हिसिंग लागतं, आतल्या रबरी रिंगा बदलाव्या लागतात, आणि ते काम करणारा जवळात जवळ कोकणात किंवा गोव्यात. चाचांनीच सुचवलं, आत्ता नेऊ नकोस. मास्क, फिन्स आणि वजनाचा पट्टा घेतला, चार हजारांत. मास्क काच आणि कडेचं रबर पाहून घ्यावा, चेहऱ्याला लावून नाकाने हलकेच ओढल्यावर हात न लावता चिकटून राहिला तर बसतो. एवढ्या वस्तू जुन्या घ्यायला माझी हरकत नाही, कुणाचीच नसावी. एक रेग्युलेटर चाचा त्याच्यासाठी ठेवणार आहेत, कोर्स करून आला की द्यायचा. एमटीडीसीचं केंद्र तारकर्लीला आहे. पहिल्या पातळीचा कोर्स चार दिवसांच्या आसपास होतो आणि अठरा मीटरपर्यंतची मुभा देतो, तीही स्वच्छ पाण्यात, जोडीदारासोबत. गढूळ विहिरीतून माणूस शोधायचं शिक्षण त्याच्याही पुढचं, कमरेला दोर आणि वर दोर धरणारा जाणता माणूस असल्याशिवाय ते करत नाहीत. फी आणि आठवड्याचा बुडालेला रोज धरला तर वेल्डरला ती रक्कम जड आहे. ज्यांच्या फोनवर तो धावतो, त्यांच्यापैकी कुणीतरी ती भरायला हवी, असं मी दोन ठिकाणी लेखी अर्ज देऊन मांडलं आहे. उत्तर आलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये तो फिन्सची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. अहमदपूर येईपर्यंत दोनदा विचारलं, सर, म्हणजे वर येताना श्वास सोडत यायचं, बरोबर?

मागच्या महिन्यात चाचांचा फोन आला. सिलिंडर भंगारात द्यायला काढले होते. भंगारवाला म्हणाला, आहे तसे द्या, जास्त देतो, कुणीतरी घेऊन जाईल. चाचांनी लेथवाल्याकडे नेऊन दोन्हींना आरपार छिद्र पाडून घेतलं आणि मगच काट्यावर ठेवले. एकेक चौदा किलोच्या आसपास भरला. भाव ॲल्युमिनियमचा लागला.