वर्धा मार्ग, झिरो माइल

नागपूरकर ज्या रस्त्याला वर्धा मार्ग म्हणतात, त्यालाच वर्धेकर नागपूर रोड म्हणतात. गाव बदलले की रस्त्याचे नाव उलटते, एवढेच. सुमारे पाऊणशे किलोमीटरचा हा प्रवास वर्ध्यातील व्यापारी घराण्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. इतवारीतला माल, धंतोलीतला डॉक्टर, उच्च न्यायालयातली तारीख, मुलीचे सासर अशा कुठल्या ना कुठल्या कामासाठी महिन्यातून एकदा तरी हा रस्ता तुडवावाच लागतो. आता समृद्धी महामार्ग झाल्यापासून घाईची माणसे तिकडून जातात. परंतु ज्याला मधली गावे पाहायची आहेत, त्याने जुन्याच वाटेने जावे.

वर्धा हे शहर फार जुने नव्हे. नागपूर जिल्ह्यातून 1862 मध्ये वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, प्रारंभी पुलगावजवळील कवठा येथे मुख्यालय होते आणि 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी आजच्या वर्धा शहराची आखणी झाली. कापसाच्या पेठेसाठी आखलेले गाव असल्यामुळे रस्ते सरळ आहेत. शहर सोडले की पवनारजवळ धाम नदी लागते. पलीकडे विनोबांचा आश्रम. मग सेलू, मग टेकडीवरच्या गणपतीसाठी प्रसिद्ध असलेले केळझर. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. बुटीबोरीला कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागतात आणि हैदराबादकडून हिंगणघाटमार्गे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाला ही वाट मिळते.

सेलू, देवळी, आर्वीकडच्या खेड्यांतून ज्यांच्या पूर्वजांनी किराण्याची अथवा कापडाची दुकाने थाटली, त्या घरांना गोवारी हा शब्द वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही. गावची गुरे राखणारा, पहाटे गोठ्यातून जनावरे सोडून नेणारा आणि तिन्हीसांजेला परत आणून बांधणारा तो गोवारी. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गाई सजवून, ढाल नाचवत ही मंडळी वाजतगाजत निघतात. त्यांच्याकडे स्वतःची जमीन फारशी नसे आणि दुकानाच्या वहीत त्यांचे खाते बहुधा उधारीचेच असे. या समाजाची मागणी एकच होती : अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे, ती आमचीच आहे, असे मान्य करावे. वरकरणी प्रश्न एका नोंदीच्या अर्थाचा होता. परंतु मुलांचे शिक्षण आणि नोकरी त्या अर्थावर टांगलेली होती.

बुटीबोरी मागे पडल्यावर डाव्या-उजव्या बाजूंना नवी नागपूर नगरी दिसू लागण्यापूर्वी जामठा येते. येथे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मैदान आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध येथे पहिला कसोटी सामना झाला. सुमारे 45 हजार प्रेक्षक बसू शकतील, एवढी या मैदानाची क्षमता. सामन्याच्या दिवशी हा महामार्ग दुपारपासूनच भरतो आणि रात्री सामना सुटल्यावर वर्ध्याच्या गाड्याही तासन्‌तास अडकून पडतात. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. येथे प्रत्येकाच्या हातातल्या तिकिटावर प्रवेशद्वार, विभाग आणि आसन यांचा क्रमांक असतो. किती माणसे येणार, हे आधी ठाऊक असते. आत येण्याची दारे अनेक आणि बाहेर पडण्याची त्याहून मोकळी. गर्दी फार असते. पण ती वाटून दिलेली असते.

पंचेचाळीस हजार हा आकडा येथे मुद्दाम सांगितला. कारण याच रस्त्याने पुढे वीस किलोमीटर गेल्यावर, सीताबर्डीत, 1994 साली जवळजवळ तेवढीच माणसे एका तिठ्यावर अडवून धरण्यात आली होती.

तो दिवस 23 नोव्हेंबर, बुधवार. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले होते. अधिवेशन भरले की मोर्चे निघणारच. विदर्भातल्या माणसाला आपले सरकार वर्षातून एवढेच काही दिवस हाकेच्या अंतरावर सापडते. त्या वर्षी दिवाळी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. विदर्भाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून गोवारी बांधव आले. त्यांत बायका पुष्कळ होत्या आणि बायकांबरोबर लेकरेही. 40 ते 50 हजारांचा हा मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलिसांनी बॅरिकेड लावून थांबवला. दुपार सरली, ऊन कलले, तरी निवेदन घ्यायला कोणी मंत्री बाहेर आला नाही. मुख्यमंत्री शरद पवार त्या दिवशी मुंबईत होते. सायंकाळच्या सुमारास लाल दिव्याची एक मोटार आल्याचे दिसले आणि अखेर कोणीतरी भेटायला आले, या समजुतीने माणसे उठून पुढे सरकली, असे सांगितले जाते. पुढे बॅरिकेड होते. पोलिसांनी लाठीमार केला. पुढची माणसे मागे फिरली, मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते. 114 जीव गेले. शेकडो जखमी झाले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती.

मराठीत याला चेंगराचेंगरी म्हणतात. शब्द अचूक आहे. कारण अशा ठिकाणी माणूस सहसा पायदळी तुडवला जाऊन मरत नाही, उभ्या उभ्या चेंगरून मरतो. एका चौरस मीटर जागेत चार माणसे असतील तर अजून हातपाय हलवता येतात. पाच झाली की धोक्याची घंटा वाजली असे समजावे. सहा-सात झाली की स्वतःच्या पायांवरचा ताबा जातो. सारी गर्दी पाण्यासारखी हेलकावू लागते आणि एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकाला लाटेसारखा पोहोचतो. छातीवरचा दाब एवढा वाढतो की श्वास आत घेण्यास फासळ्यांना जागाच उरत नाही. मूल असेल, ठेंगणी बाई असेल, तर तो दाब थेट तोंडा-नाकापाशी येतो. अशा वेळी मागच्या माणसाला ‘ढकलू नका’ म्हणून काही उपयोग नसतो, कारण तो ढकलत नसतो. त्याच्याही मागे कोणी असते. मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे गर्दीला एक मन असते आणि ते भडकते, ही समजूत सोयीची असली तरी खरी नव्हे. टी पॉइंटवरच्या माणसांना मागचे दिसत नव्हते आणि मागच्यांना पुढचे, एवढेच खरे.

हाच प्रकार अतिशय श्रीमंत देशांत, अतिशय महागड्या तिकिटांच्या खेळातही घडतो. 28 मे 2022 रोजी पॅरिसलगतच्या मैदानावर युरोपातील क्लबांच्या सर्वांत मोठ्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता : लिव्हरपूल विरुद्ध रिअल माद्रिद. त्या दिवशी एका रेल्वेमार्गावर संप होता, म्हणून लोंढा दुसऱ्या मार्गाने आला आणि महामार्गाखालच्या एका अरुंद वाटेत अडकला. पुढे तिकीट तपासणारे अपुरे. काही दारे बंद ठेवली गेली. हातात खरी तिकिटे असलेले लोक, त्यांत मुले व वृद्धही, तासन्‌तास जाळीला चिकटून उभे राहिले आणि त्यांच्यावर अश्रुधूर सोडण्यात आला. सामना 36 मिनिटे उशिरा सुरू झाला. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी लगोलग सांगून टाकले की, तीस-चाळीस हजार इंग्लिश प्रेक्षक बनावट तिकिटे घेऊन अथवा तिकिटांविनाच आले होते. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये स्वतंत्र चौकशी समितीचा अहवाल आला आणि त्यात मुख्य जबाबदारी स्पर्धेची संयोजक संस्था युएफा हिच्यावर ठेवण्यात आली. जीवितहानी टळली ती व्यवस्थेमुळे नव्हे; अडकलेल्या प्रेक्षकांनीच संयम राखला म्हणून.

त्याच्या आदल्याच वर्षी, 11 जुलै 2021 रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर इटली-इंग्लंड अंतिम सामन्यात नेमके उलटे घडले होते. तेथे सुमारे दोन हजार माणसे तिकिटांविना दारे फोडून आत शिरली, हुल्लडबाजी झाली. तेव्हा दोष प्रेक्षकांचा कधीच नसतो, असेही म्हणता येत नाही. 14 जुलै 2024 रोजी अमेरिकेतील मायामीत अर्जेंटिना-कोलंबिया अंतिम सामन्यालाही तिकिटांविना आलेल्यांनी दारांवर लोट केला आणि खेळ तासाभराहून अधिक लांबला. मात्र वेम्बलीची चौकशी करणाऱ्यांनीही दार कोणी फोडले एवढ्यावर न थांबता, दारावर माणसे किती आणि कशी नेमली होती, हे विचारले. बंगळूरला 4 जून 2025 रोजी आयपीएलच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी मैदानाच्या दारांबाहेर 11 जण दगावले, तेव्हा हाच प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला. आदल्या रात्री अंतिम सामना जिंकला, दुसऱ्या दिवशी दुपारी उत्सव. मधल्या काही तासांत लाखोंची सोय कोण कशी लावणार होते?

जामठ्यापुढे खापरी, विमानतळ, अजनी अशी एकेक वस्ती मागे पडत रस्ता सीताबर्डीत शिरतो. व्हरायटी चौकापाशी वर जाणारा जो उड्डाणपूल आहे, त्याचे नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. इतवारीची घाई असलेल्या वर्धेकराच्या हे नाव क्वचितच लक्षात येते. पुढे झिरो माइलचा दगडी स्तंभ आणि त्याजवळचे चार घोडे लागतात. आता तेथे मेट्रोचे स्थानकही झाले आहे. याच परिसरात गोवारी शहीद स्मारक आहे. विधानभवन तेथून चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेरगावच्या पाहुण्याला नागपूर दाखवणारे लोक घोड्यांपाशी छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. स्मारकाकडे वळणारे थोडे.

घटनेनंतर आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा एकसदस्यीय आयोग नेमण्यात आला. त्याने झालेला प्रकार दुर्दैवी ठरवला, पण कोणावरही ठपका ठेवला नाही. 114 माणसे गेली आणि चूक कोणाचीच नव्हती. व्यापाऱ्याच्या वहीत इतकी मोठी तूट निघाली आणि कोणत्याच खात्यावर ती मांडता आली नाही, तर कोणताही मुनीम रात्री झोपणार नाही. पॅरिसच्या चौकशीत किमान जबाबदारी कुणाच्या नावावर पडली. येथे ती पडलीच नाही.

मागणीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 1995 मध्ये राज्य सरकारने गोवारींसह काही समाजांसाठी विशेष मागास प्रवर्ग निर्माण करून दोन टक्के आरक्षण दिले. मूळ नोंदीचा वाद न्यायालयात चालू राहिला. 14 ऑगस्ट 2018 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निर्णय दिला आणि 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या काळात ज्यांना प्रवेश अथवा नोकरी मिळाली, त्यांना मात्र संरक्षण दिले. कायद्याचा हा निर्णय योग्य की अयोग्य, हे येथे ठरवायचे नाही. पण त्या दिवशी कोणी मंत्री टी पॉइंटवर येऊन दहा मिनिटे बोलला असता, तरी न्यायालयाचा निकाल जो लागायचा तोच लागला असता. फक्त 114 माणसे तो ऐकायला जिवंत असती.

जैन वाचकांनी हा विषय दूरचा मानू नये. 28 जानेवारी 2025 रोजी उत्तर प्रदेशातील बडौत येथे आदिनाथ भगवंतांच्या निर्वाण लाडू महोत्सवात मानस्तंभ परिसरातील लाकडी मंच कोसळून 7 भाविक मृत्युमुखी पडले. वाईजवळच्या मांढरदेवीच्या अरुंद चढणीवर 25 जानेवारी 2005 रोजी सुमारे तीनशे माणसे गेली, तीही यात्रेकरूच होती. वर्ध्याहून हिंगणघाट, वरोरा या मार्गाने भद्रावतीच्या पार्श्वनाथांना जाणारी कुटुंबे, चातुर्मास प्रवेशाच्या मिरवणुका, पंचकल्याणकाचे मंडप, साधर्मिक भोजनाच्या पंगती : या साऱ्यांचे संयोजक व्यापारीच असतात. मंडपाचे कापड किती, तांदूळ किती पोती, निमंत्रणपत्रिका किती, याचा हिशेब त्यांच्याइतका चोख कोणी ठेवत नाही. मंडपाला बाहेर पडायच्या वाटा किती, त्यांची रुंदी काय, लाकडी मंच किती भार पेलेल हे अभियंत्याने लिहून दिले आहे का, बोली लागल्यावर सारे एकदम वेदीकडे सरकले तर मधल्या रांगेतल्या आजींचे काय, हे प्रश्न मात्र समितीच्या बैठकीत शेवटी येतात, किंवा येतच नाहीत. दानशूरांच्या पाट्या कुठे लावायच्या, यावर त्याहून अधिक वेळ जातो. पाटी दारातच लावण्याचा आग्रह झाला, तर दार तेवढे अरुंद होते.

दर वर्षी 23 नोव्हेंबरला गोवारी बांधव झिरो माइलच्या स्मारकाशी जमतात. वर्ध्याकडूनही येतात. फुले वाहतात, नावे घेतात, थोडी भाषणे होतात. त्या सुमारास रानात कापूस वेचणीला आलेला असतो, म्हणून बरेच जण संध्याकाळच्याच गाडीने परत निघतात.