आजार लपवू नका, वहीत लिहा



मी शेतकरीण नव्हे, मुंबईच्या वरळी कोळीवाड्यातली कोळीण आहे. एका अंगाला जुना किल्ला, टेकडीवर गोल्फादेवी आणि समोर वांद्र्याकडे गेलेला सागरी सेतू, अशा ठिकाणी माझे घर. तुमच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर दादरच्या बाजारातून माझ्या घरी येते. तुमचे शेत आणि आमचा दर्या वेगळे असले तरी दुखणी मात्र सारखीच असतात. म्हणून माझी हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते.

मला पहिली फिट आली ती तेराव्या वर्षी. कोणी तिला मिरगी म्हणतात, कोणी फेफरे. डॉक्टर अपस्मार म्हणतात. अंगणात जाळी वाळत घालताना मी कोसळले. एकाने नाकाला चप्पल लावली, दुसऱ्याने कांदा फोडला, तिसऱ्याने दातांत चमचा घातला. त्यात माझा एक दात गेला तो गेलाच. पुढे वर्षभर देवऋषी आणि अंगारे-धुपारे चालले. अखेर शेजारच्या मावशीने ओढून इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी साध्या भाषेत समजावले. मेंदूचे काम बारीकशा विजेवर चालते. ती वीज एकाएकी भरमसाट सुटली की अंगाला झटके येतात. ही भूतबाधा नाही आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबल्या.

१९८८ साली माझे लग्न झाले. वडिलांनी सासरी काही सांगितले नाही. त्यांना तरी काय दोष द्यावा? तेव्हा वारंवार फिट येणे ही हिंदू विवाह कायद्यातच लग्नाची अडचण मानली होती. १९७६ च्या दुरुस्तीने आलेला तो शब्द १९९९ साली काढून टाकला गेला. मी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवत असे. घरात पाहुणे असले की गोळी चुकायची.

नारळी पौर्णिमेचा सण होता. दोन दिवस गोळी नाही, त्यात रात्रभर जागरण. सकाळी मोरळीवर मासे कापता कापता मला फिट आली. तळहातावरचा तो व्रण अजून आहे. शुद्धीवर आले तेव्हा हात फडक्यात बांधलेला होता आणि सासूबाई उशाशी बसल्या होत्या. आता माहेरी पाठवणार, असे मी धरूनच चालले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "गो बाय, आधी का नाय सांगितलंस? मोरळीवर तुला एकटी बसवली नसती."

त्यांनी तांदळाचा डबा उपडा केला, गोळ्या काढल्या आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवल्या. त्या दिवसापासून रात्रीची गोळी त्यांच्या देखत घेऊ लागले. वाचकहो, सगळ्यांनाच अशी सासू मिळत नाही, हे मी जाणते. पण लपवल्याने माझे काय वाचले? हात मात्र कापला.

तरी माणूस एका ठेचेने शहाणा होत नाही. २०१४ साली मला मधुमेह आणि रक्तदाब निघाला. डॉक्टर दुसरे, दवाखाना दुसरा. तिथे मी फिटचा शब्द काढला नाही. साखरेचा आणि डोक्याचा काय संबंध, असे मला वाटले. फिटच्या डॉक्टरांनाही साखरेचे सांगितले नाही. संकष्टीच्या दिवशी सकाळी साखरेची गोळी घेतली आणि उपास धरला. दुपारी अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, मी काहीबाही बडबडू लागले. घरच्यांना वाटले, नेहमीची फिट येणार. त्यांनी मला कुशीवर निजवले आणि वाट पाहिली. मग झटके आले आणि ते थांबेनात. थोरल्या मुलाने टॅक्सीत घालून नेले. तिथे बोटाला सुई टोचून पाहिले तर साखर ३८. शिरेतून साखर दिल्यावर मी डोळे उघडले. आणखी उशीर झाला असता तर आज हे सांगायला मी नसते.

तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले ते तुम्हीही ध्यानात ठेवा. रक्तातली साखर फार उतरली तर फिटचा आजार नसलेल्या माणसालाही झटके येतात. फिटच्या काही गोळ्यांनी वजन वाढते, काहींनी हिरड्या सुजतात. क्षयाच्या औषधांनी फिटच्या काही गोळ्यांचा जोर कमी-जास्त होतो. म्हणून प्रत्येक डॉक्टरला आपले सगळे आजार आणि सगळ्या गोळ्या माहीत असल्या पाहिजेत. पोटात मूल राहावे अशी इच्छा असेल तर आधीच विचारावे, कारण काही गोळ्या बाळाला बाधतात. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नये. एकदम बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जीव धोक्यात येतो.

मुलाने शाळेची एक वही घेतली. पहिल्या पानावर आजारांची नावे, गोळ्यांची नावे, त्यांची ताकद आणि वेळा लिहिल्या. पुढे तारीखवार साखर, रक्तदाब आणि फिट आली तर किती मिनिटे चालली ते. कुठल्याही दवाखान्यात जाताना ती वही माझ्या पिशवीत असते.

मार्च २०२० च्या अखेरीस कोरोनामुळे आमचा कोळीवाडा बंद झाला. रस्त्यावर पोलिसांचे कठडे लागले, होड्या किनाऱ्यावर आणि बाजार ओस. माझ्याकडे आठवड्याच्या गोळ्या उरल्या होत्या. अर्धी अर्धी करून पुरवाव्यात, असे मनात आले. मुलाने हात धरला. वहीच्या पहिल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून त्याने कठड्यापाशी काम करणाऱ्या पोरांना पाठवला. तिसऱ्या दिवशी गोळ्या आल्या. नावात चूक नाही, ताकदीत चूक नाही. अर्धी गोळी घ्यायची पाळीच आली नाही.

आता चार गोष्टी तुमच्या घरासाठी. फिटच्या माणसाने एकट्याने विहिरीवर जाऊ नये, पोहू नये, ट्रॅक्टर चालवू नये, चुलीपाशी एकटे बसू नये. आमच्यात अशा माणसाला होडीवर नेत नाहीत, तसेच हे. जागरण आणि उपास टाळावा. समोर फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूचे दगड-विळे दूर करा. तोंडात पाणी, चमचा काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच दुसरी आली, तर तडक दवाखाना गाठा. भाजी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या आणि शौचाला उघड्यावर बसू नका. पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून भाजीला लागतात आणि पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येतात.

जगात सुमारे पाच कोटी माणसांना हा आजार आहे. नीट औषध मिळाले तर दहांतल्या सातांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी दोन मुले वाढवली, वीस वर्षे मासळीची पाटी डोक्यावर घेतली. मधुमेह, रक्तदाब आणि फिट, तिघांनाही सांभाळून आहे.

तुमच्या घरातही कुणाच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात असतील. आज रात्री जेवणे झाल्यावर तो डबा उघडा. रागावू नका. मुलाच्या दप्तरातली एक कोरी वही मागून घ्या आणि पहिले पान लिहायला बसा.