नवी पेठेतली डिस्क आणि पडद्यावरचं दुकान

मुलांनो, सोलापूरला आलात तर आधी सिद्धेश्वराचं दर्शन घ्या. मग तळ्याकाठचा भुईकोट किल्ला बघा आणि पार्क चौकातून चालतच नवी पेठेत या. कपडे, चपला, मोबाइल, खेळणी, काय हवं ते इथं मिळतं. भाव मात्र करता आला पाहिजे हं!

गेल्या सुट्टीत मी याच वाटेनं माझ्या आठवीतल्या भाच्याला घेऊन गेले. त्याच्या खिशात वर्षभर साठवलेले २,५०० रुपये होते आणि डोक्यात एकच विषय, फुटबॉलचा व्हिडिओ गेम.

"आत्या, घरी टीव्हीवरच्या दुकानात हाच गेम ३,९९९ ला आहे," तो हिरमुसून म्हणाला.

दुकानदार काका हसले. "नवी डिस्क ३,६०० ला देतो. वापरलेली चालत असेल तर १,८००. खेळून कंटाळलास की परत आण, हजार तरी देईन की!"

भाचा चक्रावला. डिजिटल गेमला ना डिस्क लागते, ना डबी, ना मालट्रक. मग तो महाग का?

गंमत अशी, की नवी पेठेत एका दुकानात भाव पटला नाही तर आपण शेजारच्या दुकानात जातो. टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रात मात्र डिजिटल दुकान एकच असतं, ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आलं तेव्हा डिस्क चालणारं यंत्र ४९,९९० रुपयांना होतं आणि डिस्क न चालणारं ३९,९९० ला. दहा हजार वाचले खरे, पण वापरलेली डिस्क घ्यायची वाट बंद!

संगणकावरच्या 'स्टीम' या डिजिटल दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती दिसतात. तिथं सेल लागला की काही गेम निम्म्याहूनही कमी भावात मिळतात. गेम घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि तो दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसेही परत मागता येतात. गावात दुकान नसलेल्या मुलाला घरबसल्या गेम मिळतो, हा फायदा वेगळाच. म्हणजे डिजिटल दुकान वाईट असं मुळीच नाही.

पण विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं?

माझ्या आजीची सोलापुरी चादर आज मी पांघरते. ती कुणाला द्यावी, हे मी ठरवते. डिस्कही तशीच मित्राला देता येते, विकता येते. डिजिटल गेम मात्र वाचनालयातल्या पुस्तकासारखा असतो. आपण पैसे मोजतो ते वापरायच्या परवानगीचे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावी लागते.

अर्थात डिस्क म्हणजे कायमची हमी असंही नाही बरं का! 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा गेम इंटरनेटशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि डिस्कवाल्यांचा खेळही थांबला.

भाच्यानं बराच वेळ विचार केला आणि १,८०० ची वापरलेली डिस्क घेतली. उरलेल्या सातशेतून आईसाठी शेंगाचटणीचं पाकीट घेतलं. पार्क चौकात आल्यावर हळूच म्हणाला, "आत्या, मग मोबाइलवर विकत घेतलेली पुस्तकं तरी आपली असतात का?"

मी गप्पच झाले. मुलांनो, तुम्ही पुढच्या वेळी 'विकत घ्या' हे बटण दाबण्याआधी त्याखालची बारीक अक्षरं नक्की वाचा. उत्तर तिथंच असतं.